देवाचं काम

आमच्या गावात उत्तमराव नावाचे एक गृहस्थ आहेत. ते चारचौघांत कमरेवर हात ठेवत नाहीत. एखादा हात चुकून कमरेकडं निघालाच तर दुसरा हात त्याला धरून मागं ओढतो. कंबर दुखली तर माणूस काय करतो? कमरेवर हात ठेवून जरा मागं वाकतो. उत्तमराव कंबर दुखली की डोकं धरतात. मग बघणाऱ्याला वाटतं यांचं डोकं दुखतंय, आणि लोक गोळीसुद्धा डोक्याचीच आणून देतात.

याला कारण आहे. मागं एकदा रेशनच्या रांगेत उन्हानं थकून त्यांनी भोळेपणानं दोन्ही हात कमरेवर ठेवले. पुढच्या बाईनं मागं वळून बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि सरळ त्यांच्या पायावर डोकं टेकवलं. तिच्या पुढच्यानं ते बघून आपलंही टेकवलं. बघता बघता रांगेचं तोंड फिरलं. तांदळासाठी उभे असलेले लोक दर्शनासाठी उभे राहिले, आणि दुकानदार एकटाच काट्यापाशी बसून "अंगठा कोण लावून राहिलं रे?" म्हणत बसला.

तर हे उत्तमराव म्हणजे आमच्या गावचे विठोबा. धंद्यानं ते मोटारी भरतात. शेतातली पाण्याची मोटार जळाली की तिच्यातली जळकी तार काढायची, तांब्याची नवी भरायची, वार्निश मारायचं. दुकान माझ्या पिठाच्या गिरणीला लागून आहे. पण वर्षातून एकदा गावच्या जत्रेत नामदेवाचं नाटक होतं आणि त्यात ते देवाचं काम करतात. नामदेवाचं जन्मगाव नरसी आमच्यापासून जवळ, त्यामुळं नामदेव आम्हाला घरचाच. घरच्या माणसाची गोष्ट दर वर्षी बघितली तरी कंटाळा येत नाही. लहानगा नामदेव नैवेद्याचं ताट घेऊन देवळात जातो, देव जेवत नाही म्हणून हट्ट धरून बसतो, रडतो, डोकं आपटायला निघतो, आणि शेवटी देव जेवतो. एवढीच गोष्ट, पण आमच्याकडं ती चार तास चालते.

मी त्यात पडद्यामागून पुस्तक वाचतो. कुणी अडलं की पुढचं वाक्य पुरवायचं. उत्तमरावांना मला काही पुरवावं लागत नाही, कारण त्यांना वाक्यच एक आहे: "नाम्या, आण ते ताट." बाकी सगळा वेळ विटेवर उभं राहायचं.

त्यांना विठोबा का केलं म्हणाल तर आधीचे विठोबा गुडघ्यांनी गेले, उभं राहवेना. मग गुरुजींनी, म्हणजे नाटक बसवणाऱ्यांनी, गावात शोध घेतला. तेवढा काळा, तेवढा रुंद आणि तेवढा गप्प माणूस पाहिजे होता. रंग आणि रुंदी बरोबर जमली. गप्प तेवढं चुकलं. कारण उत्तमरावांना अभिनयाचं वेड आहे, आणि ते वेड गप्प बसू देत नाही.

"शंकरभाऊ," ते दळण चालू असताना गिरणीत येऊन माझ्या कानात ओरडतात, "नाम्या पहिल्यांदा रडतो ना, तवा माझी डावी भुवई वर जाती. करुणा हाय ती. दुसऱ्यांदा रडतो तवा दोन्ही जातेत."

"मंग तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा पुन्हा डावी. पर हळू."

या भुवईचा सराव ते वर्षभर करतात. दुकानात आरसा नाही, म्हणून मोटारीच्या घासलेल्या टोपणात बघून करतात. नाटक संपलं, मुकुट उतरला, की भेटेल त्याला विचारतात, "कमी काय पडलं?" आणि भेटेल तो हात जोडून म्हणतो, "देवा, तुमच्यात काय कमी पडंल?" झालं. त्यापुढं बोलणं नाही. उत्तमराव मागून म्हणत राहतात, "अहो, भुवई बघितली का? अभिनय व्हता तो." तोवर माणूस प्रसादाच्या रांगेत पोचलेला असतो.

एकदा मला दया आली. मी घरी बायकोला विचारलं, देवाची भुवई कशी वाटली? ती भाकरी थापता थापता थांबली. "भुवई? देवाच्या भुवईकडं कोण बघतंय? पायाकडं बघतेत." मी ते तसंच उत्तमरावांना सांगितलं, आणि सांगायला नको होतं. दोन दिवस ते विचारात होते. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर चपला काढून पायाच्या अंगठ्यानं सराव चालला होता.

"लोकं पायाकडं बघतेत तर करुणा पायात आणू," म्हणाले.

त्या वर्षी नामदेव पहिल्यांदा रडला आणि देवाचा उजवा अंगठा हळूच आत वळला. दुसऱ्यांदा रडला तेव्हा डावाही वळला. पुढच्या रांगेत बायकांची कुजबुज सुरू झाली. एक बाई उठून म्हणाली, "इटेवर मुंगळा हाय वाटतं, देवाला चावून राहिला." लगेच एक गडी बॅटरी घेऊन रंगमंचावर चढला आणि चालू नाटकात विटेखाली मुंगळा शोधायला लागला. नामदेवाचं काम करणारे आमचे पोस्टमन (उंची कमी म्हणून त्यांना ते काम) रडायचं विसरून त्याला वीट उचलायला मदत करायला लागले. मुंगळा सापडला नाही. उत्तमराव नंतर मला एवढंच म्हणाले की पायाचा अभिनय या गावाला झेपत नाही.

आता याच नाटकात आमचे सलीमभाई असतात. बांगड्यांचा धंदा, जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बसतात. नाटकात ते पुजाऱ्याच्या खादाड भाच्याचं काम करतात, जो देवाच्या आधी नैवेद्य चोरून खातो. सलीमभाई आले की मांडव हसून लोळतो. शिट्ट्या, टाळ्या, वन्समोर, काय विचारू नका. पण हेच लोक दुसऱ्या दिवशी बांगड्या भरता भरता त्यांची सालं काढतात. "सलीमभाई, औंदा पडणं जमलं न्हाई." "लाडू घशात अडकतो ते मागच्या सालीच झालं की." एका म्हातारीनं तर नव्या बांगडीचा आकडा सांगायच्या आधी त्यांना चुकलेलं वाक्य सांगितलं होतं. सलीमभाई मग आठवडाभर तोंड पाडून बसतात आणि पुढच्या वर्षी पडायची नवीन तऱ्हा शोधून आणतात.

उत्तमराव हे सगळं बघून जळतात. त्यांना टाळ्यांचा हेवा नाही. त्यांना त्या सालं काढण्याचा हेवा आहे.

"तुला शिव्या देतेत बे," ते सलीमभाईला म्हणाले. "नशीबवान हायस."

"उत्तमभाई, तुमको तकलीफ क्या है?" सलीमभाई वैतागले. "लोग पाँव पडतेत तुमच्या."

"तीच तकलीफ हाय."

मला विचाराल तर यात लोकांची चूक नाही. माणूस कलाकाराकडं जातो तेव्हा पारखायला जातो; आज काय नवीन आणलंय ते दाखव म्हणतो. देवाकडं जातो तेव्हा उलट खात्री करून घ्यायला जातो, की मागच्या वर्षी होता तसाच आहे ना? असला की समाधानानं घरी येतो. देवानं नवीन काही केलं तर पंचाईतच. आणि एकदा तसं झालं. एका वर्षी नैवेद्याच्या ताटात ताजा ठेचा होता. ताट जवळ आलं आणि देवाला अशी दणदणीत शिंक आली की मुकुट नाकावर आला. मांडव गार. मग मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "देवानं कौल दिला." त्या वर्षी नेमकं सोयाबीन चांगलं पिकलं. झालं, पुढच्या जत्रेत सगळा गाव शिंकेची वाट बघत बसला. ताट आलं, शिंक येईना, लोक अस्वस्थ. गुरुजींनी मला खूण केली, मी विटेमागून तपकीर उडवली, आणि गावाचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून शिंक नाटकात कायम आहे आणि तपकिरीची डबी माझ्याकडं आहे. गेल्या काही वर्षांत तर उत्तमराव मला डबी उघडूच देत नाहीत. "तपकिरीबिगर शिंकलो," म्हणतात, "अभिनय व्हता तो." हे माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही आणि कुणाला सांगायला गेलं तर पटणारही नाही.

बरं, नाटक एक दिवसाचं, पण देवपण बारा महिन्यांचं. कळमनुरीच्या बाजारात एक हाटेलवाला आमच्याच गावचा. उत्तमरावांनी एकदा एकादशीच्या दिवशी तिथं कांदाभजी मागितली. हाटेलवाल्यानं ऐकून घेतलं, आत गेला आणि साबुदाण्याची खिचडी घेऊन आला. वर पैसेही घेतले नाहीत. भज्याचा घाणा समोर चालू, वास नाकात, आणि हे खिचडी खातायत.

धंद्याचीही तीच गत. एकदा त्यांनी भरलेली मोटार लगेच पुन्हा जळाली. शेतकरी ती गाडीवर घालून आला. दुसऱ्या कुणाच्या दुकानात आई-बहिणीपर्यंत गेला असता. इथं पायरीवर बसून शांतपणे म्हणतो, "देवाच्या मनात नसंल औंदा गहू भिजवायचा."

"अहो, तार हलकी निघाली," उत्तमराव म्हणाले. "माझी चूक हाय. भांडा माझ्याशी."

"तुमच्याशी कसं भांडावं, देवा?"

"चार शिव्या तरी द्या."

त्यानं कानाला हात लावले. उत्तमरावांनी मोटार फुकट भरून दिली, तर तो नारळ फोडून गेला.

शेवटी एका वर्षी त्यांनी बंड केलं. तालमीच्या पहिल्या दिवशी गुरुजींना म्हणाले, "औंदा मला भाच्याचं काम पाहिजे. खादाड भाचा. सलीमला इटेवर उभा करा." गुरुजींनी समजावलं, सरपंचांनी समजावलं. उत्तमराव म्हणाले, न्हाईतर मी नांदेडला पोरीकडं निघून जातो, जत्रा तुमची तुमी करा. जत्रेत विठोबा नसण्यापेक्षा दुसरा असलेला बरा, म्हणून गुरुजी कबूल झाले. सलीमभाईला कुणी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती त्यांच्या बायकोनं. म्हणाली, हा माणूस घरात दोन मिनिटं एका जागी उभा राहत नाही, देवळात काय राहणार? पण सलीमभाईनं काम मनावर घेतलं. जत्रेच्या दिवशी उपास धरला, पान सोडलं, आणि सकाळपासून कुणाशी हसून बोलले नाहीत.

त्या नाटकाचं काय सांगू.

पडदा उघडला. विटेवर सलीमभाई, हात कमरेवर, डोळे अर्धे मिटलेले. खरं सांगतो, चांगले दिसत होते. पण लोकांना कुठलं बघायला? सगळा मांडव श्वास धरून बसला की आता हा काय करतो. आता पडेल, आता डोळा मारेल. एक मिनिट गेलं, सलीमभाई हलले नाहीत. आणि न हलण्यालाच कुणीतरी फिस्सकन हसलं. मग जी लाट उठली ती थांबेना. सलीमभाई जितके गंभीर होत तितके लोक हसत. "क्या ॲक्टिंग करून राहिला सलीमभाई," एकजण डोळे पुसत म्हणाला, "बिलकुल हलंना."

इकडून आमचे उत्तमराव आले, खादाड भाचा होऊन. पोटाला उशी, गालावर पीठ, तेही माझ्याच गिरणीचं. आल्याबरोबर मांडवातलं हसू बंद. दोन-तीन रांगांनी हात जोडले. उत्तमरावांनी इकडंतिकडं बघून चोरासारखा लाडू उचलला आणि तोंडात कोंबला. मागून एक म्हातारा उठून म्हणाला, "खा देवा, पोटभर खा. तुमचंच हाय." उत्तमरावांनी ठरल्याप्रमाणे लाडू घशात अडकवला, डोळे पांढरे केले, आणि धाडकन पडले. काय पडले हो. मी इतक्या वर्षांत सलीमभाईला तसं पडलेलं बघितलं नाही. पण टाळी एक नाही. चार माणसं धावत रंगमंचावर आली, एकानं डोकं मांडीवर घेतलं, एका बाईनं पदरानं वारा घातला. उत्तमराव मेल्या आवाजात सांगून राहिले, "सोडा, सोडा, अभिनय हाय," आणि ती माणसं म्हणतायत, "बोलू नका देवा, पाणी प्या."

गुरुजींनी पडदा ओढला.

नंतर मांडवामागं उत्तमराव पोटाची उशी मांडीवर घेऊन बसले होते. सलीमभाई शेजारी, कपाळावर बुक्का तसाच. मी चहा घेऊन गेलो. उत्तमराव चहाकडं बघत म्हणाले, "शंकरभाऊ, उद्या मी मेलो तरी ही लोकं रडणार न्हाईत. अंतर्धान पावले म्हणतील आन् घरी जातील." सलीमभाई हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत. त्यांनी आपला रुमाल काढला आणि उत्तमरावांच्या गालावरचं पीठ पुसायला लागले.

पुढच्या वर्षी सगळं पूर्वीसारखं झालं. उत्तमराव विटेवर, शिंक वेळेवर, सगळा गाव खूश. "कमी काय पडलं" हे विचारणं मात्र त्यांनी सोडून दिलं. मुकुट उतरवायचे आणि मागच्या बाजूनं घरी जायचे. भुवईचंही बोलेनात. दळण चालू असताना कानात ओरडणारा माणूस नाही म्हटल्यावर मला गिरणीत करमेना.

मग कौसाबाई पडल्या. गिरणीच्या मागं त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा कधीच गेला, मुलगा पुण्याला कंपनीत. देवभक्तीत गावात पहिला नंबर. नाटकात पहिल्या रांगेत बसायच्या, आणि एकादशीला उत्तमरावांच्या दुकानाच्या पायरीवर तुळस ठेवून जायच्या. त्या येताना दिसल्या की उत्तमराव मोटारीमागं लपायचे. आता कौसाबाई काठी टेकत माझ्याकडं दळण घेऊन येतात आणि पीठ जाड पडलं म्हणून भांडतात, म्हणून पुढचं सांगायला हरकत नाही. तर त्या अंगणात घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. आम्ही हिंगोलीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, उशीर नको. कौसाबाई म्हणाल्या, "देवानं सांगितलं तर करीन. न्हाईतर गावाकडं न्या." मुलगा पुण्याहून निघाला होता, पण पुणं कुठं आणि हिंगोली कुठं. डॉक्टरांनी समजावलं, नर्सनं समजावलं, मी समजावलं. त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मी मोटरसायकलवर गाव गाठलं आणि दुकानातून उत्तमरावांना उचललं. सगळं ऐकल्यावर त्यांनी हातातली तार खाली ठेवली.

"तिथं इट न्हाई, मुकुट न्हाई," म्हणाले. "आन् वाक्य?"

"वाक्य म्या देतो."

रस्ताभर मागं बसून ते घोकत होते: "कौसे, भिऊ नको. म्या हाय. डाक्टरला हात लावू दे." वाऱ्यात अर्धं उडून जायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत वाक्य माझंही पाठ झालं होतं. इतकी वर्षं विटेवर उभा राहिलेला माणूस, पण असं घाबरलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. लोक हात जोडतात तेव्हा चुकलं तरी चालतं, इथं चालणार नव्हतं.

दोन खाटांच्या मधे हिरवा पडदा होता. मी सवयीनं त्याच्यामागं गेलो. उत्तमराव खाटेपाशी उभे राहिले, छाती भरून घेतली, आणि जत्रेतल्या आवाजात एका दमात म्हणाले, "कौसे भिऊ नको म्या हाय डाक्टरला हात लावू दे."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हात जोडले.

कौसाबाईंनी तोंड भिंतीकडून इकडं फिरवलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या.

मी पडद्यामागं दचकलो. गावात त्यांना नुसत्या नावानं हाक मारलेली कित्येक वर्षांत ऐकली नव्हती.

"जी," उत्तमराव म्हणाले.

"देव इतकी घाई करत न्हाई रे. आन् आवाज काहून चढवतोस? जत्रंतबी चढवतोस. दर साली."

उत्तमराव खाटेकडं वाकले. "तुमाला... ठाव हाय?"

"न ठाव असायला काय झालं? लहानपणी नाक पुसलंय तुझं म्या. हाताला वार्निशचा वास येऊन राहिला तुझ्या, देवाच्या हाताला येतो का तो?"

"मंग मावशी, इतकी वर्सं पाया काहून पडत व्हता?"

"आता बघ," कौसाबाई म्हणाल्या, आणि कळ आली म्हणून जरा थांबल्या. "इटेवर उभा राहनाऱ्याच्या कुणी पायाच पडलं न्हाई तर तो बिचारा कशाच्या बळावर उभा राहील? तू तुझं काम करून राहिला, म्या माझं करून राहिले. आन् माझं कधी चुकलं न्हाई."

उत्तमराव अडले. मी पुस्तक वाचणारा माणूस, कोण कुठं अडतं ते मला मागूनही कळतं. पण तिथं पुरवायला माझ्याकडं वाक्य नव्हतं.

"पुन्यांदा म्हणू?" त्यांनी विचारलं.

"म्हण. सावकाश. आन् मला भ्या वाटून राहिलं, ते ध्यानात ठिवून म्हण."

त्यांनी पुन्हा म्हटलं. या वेळी आवाज इतका खाली होता की शेजारच्या खाटेवर गेला नसावा. कौसे, भिऊ नको. म्या हाय. मग थांबले. मला वाटलं अडले, मी पडद्याआडून तोंड उघडलं, पण ते अडले नव्हते. कौसाबाईंचा श्वास जरा सावरला तेव्हा पुढचं म्हणाले. डाक्टरला हात लावू दे.

कौसाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. "हां," त्या म्हणाल्या. "आता बराबर." आणि नर्सला म्हणाल्या, बोलवा डाक्टरला.

मी पडद्यामागून बाहेर आलो. उत्तमराव उभ्या उभ्या रडत होते, कसलंही लाजणं न ठेवता, आणि त्यांचं बोट कौसाबाईंच्या मुठीत होतं.

"डोळे पूस," त्या म्हणाल्या. "पोरगं पुण्याहून येईस्तोवर मला एकटीला भ्या वाटंल. थांबशील का? देव म्हणून नको. उत्तम म्हणून थांब."

उत्तमरावांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या उशाशी बसले.